ठरावीक ऋतूत कुत्र्याला सुटणारी खाज : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे नियमित अंघोळीसाठी येणाऱ्या काही कुत्र्यांची त्वचा वर्षातले बरेच महिने निरोगी असते आणि एखादा विशिष्ट ऋतू सुरू झाला की पंधरा दिवसांत ती लालसर होते, केस विरळ होऊ लागतात आणि कुत्रा रात्रभर पंजे चाटत बसतो. पहिल्या वर्षी बहुतेक मालकांना शाम्पूचा किंवा खाण्याचा संशय येतो. दुसऱ्या वर्षी त्याच सुमारास तोच त्रास पुन्हा सुरू झाला, की तो ऋतूशी जोडलेला असावा हे लक्षात येते.

परागकणांची ॲलर्जी असलेल्या माणसाला शिंका येतात आणि नाक गळते; कुत्र्यामध्ये मात्र तीच ॲलर्जी बहुधा त्वचेवर उमटते. गवताचे व झाडांचे परागकण आणि बुरशीचे बीजाणू अंगाला लागतात. अशा कुत्र्यांच्या त्वचेचा बाहेरचा थर मुळातच थोडा कच्चा असल्यामुळे ते आतपर्यंत पोहोचतात आणि शरीर त्यांच्याशी शत्रूसारखे वागू लागते. हा त्रास साधारणपणे वयाच्या 6 महिन्यांपासून 3 वर्षांपर्यंत पहिल्यांदा दिसतो. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, बॉक्सर, बुलडॉग या जातींत तो अधिक आढळतो, पण कोणत्याही कुत्र्याला होऊ शकतो. तो मुळापासून जात नाही, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सुरुवातीलाच सांगतो. मात्र तो आटोक्यात ठेवता येतो.

खाज नेमकी कुठे आहे, यावरून बरेच काही कळते. पंजे, तोंडाभोवतीचा भाग, कान, काखा, पोट आणि जांघा या जागी खाज असेल, तर अशा ॲलर्जीची शक्यता अधिक असते. पांढऱ्या किंवा फिकट रंगाच्या कुत्र्याचा पंजा हातात घेऊन बोटे अलगद फाकवली, तर मधल्या केसांवर गंजासारखा तांबूस डाग दिसतो. पुष्कळ जणांना तो मातीचा वाटतो आणि ते तो घासत बसतात. प्रत्यक्षात तो सतत चाटल्यामुळे लागलेल्या लाळेचा रंग असतो. खाजेचा जोर कंबर, शेपटीचे मूळ आणि मांड्यांचा मागचा भाग इथे असेल, तर आधी पिसवांचा संशय घ्यावा. त्यासाठी बारीक दातांच्या फणीने तो भाग विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. कणांभोवती तांबडट ओघळ पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच पचलेले रक्त असते. ऋतूची ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला पिसवाही झाल्या तर खाज दुपटीने वाढते; म्हणून पिसवांचा बंदोबस्त घरातल्या सर्व प्राण्यांसाठी आणि खंड न पाडता करावा. मात्र कुत्र्यांसाठीची परमेथ्रिन असलेली औषधे मांजरांना विषारी असतात, त्यामुळे ती मांजराला कधीही लावू नयेत. ऋतू कोणताही असो, बाराही महिने खाज असेल, तर अन्नाची किंवा घरातल्या धुळीतील सूक्ष्म कीटकांची ॲलर्जी तपासावी लागते आणि ते काम पशुवैद्यांचे आहे.

घरी करता येण्यासारखा सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे अंघोळ. जास्त अंघोळीने त्वचा कोरडी पडते, हा समज या कुत्र्यांच्या बाबतीत पूर्ण खरा नाही. त्रासाच्या दिवसांत कुत्र्यांसाठीच्या सौम्य शाम्पूने आठवड्यातून एकदा अंघोळ घातल्यास अंगावर बसलेले परागकण धुऊन निघतात आणि त्वचेत ओलावा टिकतो. पाणी कोमट किंवा त्याहून थोडे गार असावे, कारण गरम पाण्याने खाज वाढते. पशुवैद्यांनी औषधी शाम्पू दिला असेल, तर फेस अंगावर साधारण 10 मिनिटे राहिला पाहिजे. अंदाजाने धरलेली दहा मिनिटे आमच्या अनुभवात तीनच भरतात, तेव्हा घड्याळ समोर ठेवावे. नंतर शाम्पूचा अंश राहणार नाही इतके धुवावे, टॉवेलने न घासता टिपून घ्यावे आणि बोटांमधली जागा कोरडी करावी. माणसांचा शाम्पू वापरू नये. कुत्र्याच्या त्वचेला तो मानवत नाही. अंघोळीच्या मधल्या दिवसांत प्रत्येक फेरीनंतर पंजे आणि पोट ओल्या कापडाने पुसून कोरडे करावेत. अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावे.

त्वचेला आंबूस वास येऊ लागला, पुटकुळ्या किंवा खपल्या दिसल्या, कानातून घाण येऊ लागली किंवा एखादा चट्टा काही तासांत ओला होऊन पसरला, तर जिवाणूंचा किंवा यीस्टचा संसर्ग झालेला असू शकतो. अशा वेळी नुसत्या अंघोळीवर विसंबू नये आणि त्याच दिवशी पशुवैद्यांना दाखवावे. खाज कमी करण्यासाठी त्यांच्याकडे आता अनेक पर्याय आहेत. ओक्लॅसिटिनिबच्या गोळ्या लवकर गुण देतात, पण 12 महिन्यांपेक्षा लहान पिलांना त्या दिल्या जात नाहीत. लोकिव्हेटमॅबचे इंजेक्शन साधारण महिन्यातून एकदा दिले जाते. स्टेरॉइडनेही लगेच आराम पडतो, परंतु त्याने तहान, भूक आणि लघवी वाढते, आणि बरेच दिवस चालू असलेले स्टेरॉइड स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करणे धोक्याचे असते. ॲलर्जीच्या लसीचा गुण येण्यास कित्येक महिने, कधी वर्षही लागते. माणसांच्या ॲलर्जीच्या गोळ्यांचा बहुतेक कुत्र्यांना फारसा उपयोग होत नाही. टी ट्री तेल तर घरगुती उपाय म्हणूनही लावू नये. ते कुत्र्यांना विषारी ठरू शकते.

आमची एक आग्रहाची विनंती आहे. खाज सुरू झाल्याची तारीख, तिची जागा आणि 0 ते 10 या मोजपट्टीवर तिचा जोर भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहून ठेवावा. पशुवैद्यांना या नोंदीचा मोठा उपयोग होतो. शिवाय पुढच्या वर्षी त्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधीच अंघोळीचा क्रम आणि त्यांच्या सल्ल्याने औषध सुरू करता येते. खाजवून त्वचा सोलल्यानंतर केलेल्या उपायापेक्षा हे कितीतरी सोपे जाते.

आमच्याकडे अंघोळीला आणताना सध्या चालू असलेली औषधे आणि पशुवैद्यांनी दिलेला शाम्पू सोबत आणावा. आम्ही तोच वापरू. मानेवर पिसवांच्या औषधाचे थेंब टाकले असतील, तर त्याच्या आधी आणि नंतर किमान दोन दिवस अंघोळ टाळायची असते, म्हणून वेळ ठरवतानाच ती तारीख आम्हाला सांगावी.