अधांतरी निश्चल

१३ नोव्हेंबर १९९९ रोजी हबल अवकाश दुर्बिणीच्या सहा जायरोस्कोपांपैकी, म्हणजे वळण मोजणाऱ्या यंत्रांपैकी, चौथा बंद पडला आणि दुर्बिणीचे काम थांबले. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा शाबूत होता, सौर पंख वीज पुरवत होते, पृथ्वीशी संपर्कही सुरू होता. तरीही त्या दिवसापासून ती आंधळी झाली, कारण नेमक्या निरीक्षणासाठी तिला निदान तीन जायरोस्कोप लागत असत आणि आता दोनच उरले होते. पाच आठवड्यांनी, १९ डिसेंबरला डिस्कव्हरी यान निघाले आणि पहिल्याच अवकाशचालीत स्टीव्हन स्मिथ व जॉन ग्रन्सफेल्ड यांनी सहाही जायरोस्कोप बदलले, तेव्हा कुठे दुर्बिणीला पुन्हा दृष्टी आली.

अवकाश दुर्बीण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आरसा येतो, आणि त्या आरशाने टिपलेली रंगीत चित्रे येतात. माझ्या मते मात्र अवकाश दुर्बिणीतले सर्वांत अवघड काम पाहण्याचे नसून स्थिर राहण्याचे आहे. पृथ्वीवरच्या दुर्बिणीखाली काँक्रीटचा भक्कम पाया असतो. कक्षेतल्या दुर्बिणीखाली काहीच नसते. टेकायला जमीन नाही, धरायला आधार नाही, आणि ताशी सुमारे २७,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती धावत असताना तिला एकाच ताऱ्यावर तासन्‌तास नजर रोखून ठेवायची असते.

ही नजर किती अचल असावी लागते, हे समजण्यासाठी कोनाची मापे पाहू. एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. वातावरणाच्या हलण्यामुळे चांगल्या वेधशाळेतूनही ताऱ्याची प्रतिमा साधारण एका विकलेच्या आसपास पसरते. दुर्बीण वातावरणाबाहेर नेली की ही पसरण संपते, पण मग प्रतिमा धूसर करणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे दुर्बिणीचे स्वतःचे हलणे. म्हणून हबलची रचना करताना अशी अट घातली गेली, की चोवीस तासांत तिची नजर एका विकलेच्या सात सहस्रांशांहून अधिक ढळू नये. मुंबईतून सोडलेला लेझर किरण सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर दूर असलेल्या कोल्हापुरात बोटाच्या नखाएवढ्या ठिपक्यावर दिवसभर धरून ठेवण्यासारखे हे आहे. डिसेंबर १९९५ मध्ये हबलने आकाशाच्या एका इवल्याशा, रिकाम्या वाटणाऱ्या तुकड्याकडे दहा दिवस पाहिले आणि त्यात सुमारे तीन हजार दीर्घिका दिसल्या, ते या स्थिरतेमुळेच.

हे साधते तीन निरनिराळ्या यंत्रणांच्या मेळातून. वळायचे असेल तर दुर्बिणीला ढकलायला बाहेर काही नाही, त्यामुळे ती स्वतःच्या आतले चाक फिरवते. होडीतून घाटावर उडी घेतली की होडी उलट दिशेला सरकते. तसेच आतले जड चाक एका दिशेने फिरू लागले की सगळी दुर्बीण दुसऱ्या दिशेने हळूहळू वळते. या चाकांना प्रतिक्रिया चक्रे म्हणतात. हबलमध्ये ती चार आहेत. आपण किती वेगाने वळतो आहोत हे दुर्बिणीला सांगतात ते जायरोस्कोप. जायरोस्कोपचे मर्म भोवऱ्यातच आहे: वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याचा अक्ष आपली दिशा सहजासहजी सोडत नाही, आणि त्याला वळवायला गेल्यास तो जो विरोध करतो त्यावरून वळण मोजता येते. तिसरी यंत्रणा ताऱ्यांची. जायरोस्कोपचे मोजमाप हळूहळू चुकत जाते, म्हणून निरीक्षण सुरू झाले की सूक्ष्म मार्गदर्शक संवेदक दृष्टिक्षेत्राच्या कडेचे दोन ठरलेले तारे पकडतात आणि ते जागचे हलले असे दिसताच चाकांना किंचित वेग कमी-जास्त करायला लावतात. कोणत्या क्षणी कोणते तारे उपयोगी पडतील हे आधीच ठाऊक असावे, यासाठी हबलच्या उड्डाणापूर्वी आकाशाच्या छायाचित्र-काचा स्कॅन करून सुमारे दीड कोटी ताऱ्यांची सूची तयार करण्यात आली होती.

इतर अनेक अंतराळयाने वळण्यासाठी वायूचे झोत वापरतात. हबलमध्ये ते जाणूनबुजून ठेवलेले नाहीत, कारण झोतातले कण आरशावर बसले असते. मग चाकांचा वेग वाढतच गेला तर काय? पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण दुर्बिणीच्या जवळच्या व दूरच्या टोकांना सारख्याच बळाने ओढत नाही, विरळ हवेचाही थोडा दाब असतो, आणि हे बारीक धक्के पेलता पेलता चाके अधिकाधिक वेगाने फिरू लागतात. तो साठलेला वेग उतरवण्यासाठी दुर्बिणीवर लांब विद्युतचुंबकीय दांड्या बसवल्या आहेत. त्यांतून वीज सोडली की त्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटा देतात आणि चाके सावकाश मंदावतात. एवढ्या मोठ्या यंत्राला होकायंत्राच्या सुईच्या तत्त्वावर सावरले जाते, ही मला या साऱ्या रचनेतली सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

हबलच्या सदोष आरशाची कथा सर्वांना माहीत आहे: कडेला २.२ मायक्रॉन जास्त घासला गेलेला तो आरसा आणि डिसेंबर १९९३ मध्ये बसवलेली दुरुस्तीची प्रकाशयंत्रणा. पण सुरुवातीच्या काळात आणखी एक दोष होता, आणि तो स्थिरतेचा होता. दुर्बीण सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी घालते, म्हणजे प्रत्येक फेरीत ती एकदा थंड काळोखात शिरते आणि एकदा कडक उन्हात बाहेर येते. या तापमानबदलाने मूळ सौर पंखांचे दांडे वाकत, पंख थरथरत आणि ती थरथर दुर्बिणीत उतरून तारे हलू लागत. १९९३ च्या त्याच मोहिमेत पंखही बदलले गेले, आणि २००२ मध्ये त्यांच्या जागी आखूड, ताठ पंख आले.

जायरोस्कोप मात्र पुन्हा पुन्हा दगा देत राहिले, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हबलच्या जायरोस्कोपातले चाक मिनिटाला १९,२०० वेळा फिरते. ते एका बंद नळकांड्यात बसवलेले असते आणि ते नळकांडे इंजिन ऑइलइतक्या दाट द्रवात तरंगत असते. चाकाला वीज मिळते ती या द्रवातून गेलेल्या, केसाइतक्या बारीक तारांमधून. जायरोस्कोप जुळवताना तो दाट द्रव आत भरण्यासाठी दाब दिलेली हवा वापरली जात असे. हवेतला ऑक्सिजन द्रवात मिसळला आणि वर्षानुवर्षे त्या तारांना कुरतडत राहिला. एक दिवस तार तुटली की आतले चाक बंद. कारण सापडल्यावर हवेऐवजी नायट्रोजन वापरला जाऊ लागला. पुढे २००९ च्या शेवटच्या दुरुस्ती मोहिमेत सहा नवे जायरोस्कोप बसवले गेले, त्यांतील तिघांच्या तारा गंजरोधक सुधारणा केलेल्या होत्या. २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत जुन्या घडणीचे तिघेही निकामी झाले होते आणि सुधारित तिघे शिल्लक होते. तारांविषयीचे निदान बरोबर होते, याचा याहून स्पष्ट पुरावा दुसरा कोणता हवा?

तेव्हाचा एक प्रसंग सांगायलाच हवा. तिसरा जुना जायरोस्कोप गेल्यावर राखीव ठेवलेला सुधारित जायरोस्कोप सुरू केला, तर तो दुर्बीण अतिशय वेगाने फिरत असल्याचे सांगू लागला, प्रत्यक्षात ती तशी फिरत नव्हती. तो साडेसात वर्षे बंद होता, त्यामुळे तरंगते नळकांडे आत कुठेतरी अडकले असावे असा अंदाज होता. अभियंत्यांनी तो क्षणभर बंद करून पुन्हा चालू केला; त्याने फरक पडला नाही. मग दुर्बीण मुद्दाम उलटसुलट दिशांना वळवत त्यांनी जायरोस्कोप वेगवेगळ्या मोजणी-अवस्थांमध्ये पुन्हा पुन्हा नेला, म्हणजे पाचशेहून अधिक किलोमीटर उंचीवरच्या त्या यंत्राला अक्षरशः हलवून मोकळे केले, आणि काही दिवसांत आकडे ताळ्यावर आले. दुर्बीण पुन्हा कामाला लागली. मात्र हाच जायरोस्कोप नोव्हेंबर २०२३ पासून पुन्हा चुकीचे आकडे देऊ लागला. शेवटी जून २०२४ मध्ये नासाने तो बाजूला ठेवून हबल एकाच जायरोस्कोपवर चालवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि उरलेला दुसरा राखीव ठेवला. आता वळण मोजताना जायरोस्कोपच्या जोडीला चुंबकत्वमापक, सूर्यसंवेदक आणि ताराशोधक वापरले जातात. तारे पकडायला वेळ जास्त लागतो. आठवड्याला होणारी निरीक्षणे पूर्वीच्या ८५ फेऱ्यांवरून सुमारे ७४ फेऱ्यांवर आली, आणि मंगळाच्या कक्षेहून जवळच्या, भराभर सरकणाऱ्या वस्तूंचा पाठलाग तिला जमत नाही. दूरच्या दीर्घिका मात्र ती पूर्वीइतक्याच स्पष्ट पाहते.

हबलपर्यंत माणूस पोहोचू शकत होता. केप्लरपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते, कारण ती दुर्बीण पृथ्वीच्या मागे राहून सूर्याभोवती फिरत होती. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लरचे काम ताऱ्यांच्या तेजातील अतिसूक्ष्म घट मोजून त्यांचे ग्रह शोधण्याचे होते, म्हणून तारा वर्षानुवर्षे त्याच जागी दिसणे तिला अत्यावश्यक होते. तिच्या चार प्रतिक्रिया चक्रांपैकी एक जुलै २०१२ मध्ये गेले आणि दुसरे मे २०१३ मध्ये. उरलेली दोन चक्रे दोन अक्ष सांभाळू शकत होती, तिसरा अक्ष मोकळा सुटला होता.

तो सांभाळण्यासाठी अभियंत्यांनी सूर्यप्रकाश वापरला. प्रकाशाला दाब असतो, पण तो अत्यल्प. पृथ्वीइतक्या अंतरावर एका चौरस मीटरवर पडणाऱ्या उन्हाचा रेटा मिलिग्रॅमभर वजनापेक्षाही कमी भरतो. केप्लरचे सौर फलक घराच्या कौलारू छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरते होते. प्रकाश छपराच्या आढ्यावर दोन्ही बाजूंनी सारखा पडेल अशी दुर्बीण धरली, की दोन्ही बाजूंचा रेटा एकमेकांना तोलतो आणि ती जागच्या जागी राहते. जराशी कलली तरी दर काही तासांनी इंधनाचा एक लहानसा झोत देऊन तिला परत मधोमध आणायचे. यासाठी दुर्बिणीला आयनिकवृत्ताच्या, म्हणजे आकाशात सूर्य ज्या वाटेने सरकताना दिसतो त्या वाटेच्या, पट्ट्यातच पाहावे लागे आणि सुमारे ऐंशी दिवसांनी जागा बदलावी लागे. त्यामुळे मूळ कामाची जागा सुटली, पण तिला आकाशाचे नवनवे तुकडे मिळाले. २०१४ पासून ३० ऑक्टोबर २०१८ पर्यंत, इंधन संपेतो, ती अशीच उन्हाच्या आधाराने काम करत राहिली. तिच्या नावावर असलेल्या २,६०० हून अधिक ग्रहांपैकी शेकडो या दुसऱ्या आयुष्यातले आहेत.

जेम्स वेब दुर्बिणीला हेच ऊन त्रासदायक ठरते. २५ डिसेंबर २०२१ रोजी निघालेली ही दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. ती अवरक्त प्रकाश पाहते, म्हणजे एका अर्थाने उष्णताच पाहते, त्यामुळे ती स्वतः उबदार असून चालत नाही. म्हणून तिने टेनिसच्या मैदानाएवढी, पाच पापुद्र्यांची सावली पसरली आहे. तिची सूर्याकडची बाजू चांगलीच तापते आणि सावलीतला आरसा उणे २३० अंश सेल्सियसच्या आसपास राहतो. पण गारव्यासाठी पसरलेली ही सावली शिडासारखी वागते. प्रकाशाचा दाब तिच्यावर सतत पडतो आणि प्रतिक्रिया चक्रांत वेग साठत जातो. इतक्या दूर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र रेटा द्यायला उपयोगी नाही, म्हणून तो वेग उतरवायला इंधनच जाळावे लागते. इंधन संपले की दुर्बिणीचे आयुष्य संपले. दाब तोलण्यासाठी तिच्या एका कडेला खास फडका जोडला आहे. शिवाय तिचे सगळे झोत उन्हाच्या बाजूला आहेत, कारण सावलीच्या बाजूला त्यांची उष्णता आणि वायू चालणार नाहीत. परिणामी ती स्वतःला फक्त सूर्यापासून दूर ढकलू शकते, परत ओढू शकत नाही. म्हणूनच तिला मुद्दाम किंचित कमी वेगाने सोडून उरलेला वेग वाटेत दिला गेला. एरियन अग्निबाणाचे उड्डाण इतके अचूक झाले, की वाचलेले इंधन वीस वर्षांहून अधिक पुरेल असा अंदाज आहे.

वेबच्या एका उपकरणाला तर सात केल्व्हिनच्याही खाली, म्हणजे उणे २६६ अंशांखाली जावे लागते, आणि त्यासाठी हेलियमवर चालणारा शीतक आहे. शीतक म्हणजे दट्ट्या, आणि दट्ट्या म्हणजे हादरे. म्हणून पंप उपकरणाजवळ न ठेवता खाली, दूर, यानाच्या उष्ण भागात बसवला. दट्ट्ये समोरासमोर एकमेकांविरुद्ध हलतात, म्हणजे एकाचा धक्का दुसरा खातो, आणि थंडावा लांब नळ्यांतून वर नेला. तरीही उरणारी बारीक हालचाल एक छोटा आरसा सावरतो. मार्गदर्शक ताऱ्याची जागा सेकंदाला सोळा वेळा मोजली जाते आणि तो आरसा त्यानुसार तिरपा होत राहतो.

दुर्बीण डगमगतच असेल, तर दुसरा मार्गही आहे, आणि तो भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅटने वापरला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या या उपग्रहाच्या क्ष-किरण उपकरणांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुका संस्थेचा मोठा वाटा आहे. त्यावरची अतिनील दुर्बीण, यूव्हीआयटी, जाणूनबुजून दीर्घ छायाचित्र घेत नाही. तिचा संवेदक सेकंदाला अनेक चौकटी घेतो आणि येणारा एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, कुठे व कधी पडला याची नोंद करतो. त्याच वेळी तिचा दृश्य प्रकाशाचा कॅमेरा तारे पाहून उपग्रह किती सरकला हे नोंदवत राहतो. पुढे पृथ्वीवर संगणक प्रत्येक फोटॉनला त्या क्षणीच्या सरकण्याइतके मागे नेतो, आणि हलत्या उपग्रहावरून दीड विकलेहून सुस्पष्ट चित्र तयार होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये यूव्हीआयटीने हबलने पूर्वीच न्याहाळलेल्या एका क्षेत्राकडे २८ तासांहून अधिक काळ पाहिले. आयुकाचे कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या नोंदींची जवळजवळ दोन वर्षे छाननी केली, आणि ९.३ अब्ज प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेतून आलेला तीव्र अतिनील प्रकाश त्यांना त्यात सापडला. हबलला तो दिसला नव्हता.