जीफोर्सचा ड्रायव्हर ‘खुला’ झाला, म्हणजे काय झाले?

मे २०२२ मध्ये ५१५ मालिकेच्या ड्रायव्हरसोबत जीफोर्स ग्राफिक्स कार्डे बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, बसणाऱ्या मॉड्यूलचा सोर्स कोड एमआयटी आणि जीपीएल अशा दुहेरी खुल्या परवान्याखाली प्रसिद्ध केला. ‘ड्रायव्हर ओपन सोर्स झाला’ असा गाजावाजा झाला आणि तेव्हापासून या शब्दाचा घोळ सुरू आहे.

कार्ड चालवणारा ड्रायव्हर म्हणजे तीन थर: कार्डावर चालणारे फर्मवेअर, कर्नेलमधले मॉड्यूल, आणि गेमना चित्र काढण्यासाठी लागणारे ओपनजीएल व व्हल्कन हे इंटरफेस पुरवणाऱ्या युजरस्पेस, म्हणजे कर्नेलबाहेरच्या, लायब्ररी. खुला झाला तो मधला थर. लायब्ररी बंदच राहिल्या. शिवाय मॉड्यूल पूर्वी करायचे त्यातले बरेच काम आता जीएसपी या कार्डावरच्या प्रोसेसरकडे गेले होते आणि त्याचे फर्मवेअर बंद, तेही कंपनीची डिजिटल सही असलेले. ट्युरिंग या पिढीच्या आधीच्या कार्डांत जीएसपी नाही; त्यांना हे खुले मॉड्यूल चालत नाही, ते याच कारणाने. दार उघडले खरे, पण त्याआधी बरेचसे सामान आतल्या खोलीत हलले होते.

एएमडीच्या रेडिऑन कार्डांचे फर्मवेअरही बंदच असते, हे एनव्हिडियावर टीका करणारे सोयीस्करपणे विसरतात. तरी तिथे २००७ मध्ये तांत्रिक कागदपत्रे देण्यापासून सुरुवात झाली, २०१५ मध्ये कर्नेल ४.२ मध्ये एएमडीजीपीयू हा खुला ड्रायव्हर आला, आणि वरचा थर मेसा या खुल्या ग्राफिक्स प्रकल्पात सर्वांसमोर लिहिला जातो. माझ्या मते खरा फरक इथे आहे: गेम अडकला तर बाहेरचा माणूसही कोड वाचून दुरुस्ती पाठवू शकतो.

जीफोर्ससाठी असे काम नूवोने केले. कार्ड कसे वागते ते पाहून स्वयंसेवकांनी लिहिलेला हा ड्रायव्हर २०१० मध्ये कर्नेल २.६.३३ मध्ये आला. पण २०१४ च्या ९०० मालिकेपासून सही नसलेले फर्मवेअर कार्ड स्वीकारेना. नूवोला कार्डाच्या चिपचा वेग (क्लॉक) वाढवता येईना. महागडे कार्ड सुरू होतानाच्या मंद गतीवरच अडकून राही. स्वयंसेवकांच्या कितीतरी वर्षांच्या कष्टांवर हे पाणी होते.

ही कोंडी फोडली ती त्याच बंद जीएसपी फर्मवेअरने. कर्नेल ६.७ पासून नूवो ते वापरू लागला आणि ट्युरिंग व त्यानंतरच्या कार्डांवर वेग हाती आला. मेसामधला एनव्हीके हा व्हल्कन ड्रायव्हर त्यामुळेच नव्या कार्डांवर उपयोगाचा ठरला. २०२४ मध्ये ५६० मालिकेपासून कंपनीनेही नव्या कार्डांसाठी खुले मॉड्यूलच मूळ निवड म्हणून ठेवले. कार्डावर गणिती कामे करून घेणारी कंपनीची क्युडा प्रणाली वापरणाऱ्याला मात्र आजही तिच्याच बंद लायब्ररी बसवाव्या लागतात.