व्हीईजीएफ मोजण्यापूर्वी: आमच्या किटच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्या किटने कर्कपेशींच्या संवर्धन-माध्यमातील व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींची वाढ घडवून आणणारे प्रथिन, मोजता येते. मात्र त्याचे प्रमाण कशामुळे वाढले किंवा घटले हे किट सांगू शकत नाही, आणि ते ठरवायचे तर पेशीला कोणकोणते रासायनिक संकेत मिळत होते हे आधी ठाऊक असावे लागते.

कर्कगाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढायची असेल, तर तिला नव्या रक्तवाहिन्या लागतात, हा विचार ज्यूडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. त्या मिळवण्यासाठी पेशी जो सर्वांत प्रबळ संकेत वापरते, तो ऑक्सिजनच्या कमतरतेचा. ऑक्सिजन पुरेसा असताना पेशीतील विकरे एचआयएफ-१ अल्फा या प्रथिनावर हायड्रॉक्सिल गट बसवतात, व्हीएचएल हे दुसरे प्रथिन ती खूण ओळखते आणि काही मिनिटांतच एचआयएफ नष्ट होते. ऑक्सिजन घटला की खूण बसत नाही, एचआयएफ केंद्रकात साचते आणि व्हीईजीएफचे जनुक जोमाने काम करू लागते. या यंत्रणेच्या उलगड्यासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मूत्रपिंडाच्या अनेक कर्कपेशींत व्हीएचएलच निकामी झालेले असते. अशा पेशींचा तुलनेसाठी ठेवलेला नमुनाही मुळात चढाच येतो, आणि त्यात किटचा दोष नसतो.

ऑक्सिजन मुबलक असतानाही ईजीएफ, इंटरल्युकिन-६, प्रोस्टाग्लँडिन ई२ आणि नॉरअॅड्रेनालिन हे रेणू आपापल्या ग्राहींना, म्हणजे संकेत पकडणाऱ्या पेशीतील प्रथिनांना, चिकटून व्हीईजीएफची निर्मिती वाढवू शकतात. माध्यमात घातलेल्या सिरममध्येही, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातही, वाढघटक असतातच, म्हणून एखाद्या रसायनाचा परिणाम तपासताना सर्व वेल्समध्ये (पेशी वाढवण्याच्या ताटलीतील खळग्यांमध्ये) सिरमचे प्रमाण अगदी सारखे ठेवावे.

एका गोष्टीकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. दाटीने वाढलेल्या पेशी इन्क्युबेटरमधील हवा नेहमीची असूनही तळाशी असलेला ऑक्सिजन भराभर वापरून टाकतात, आणि मग आपण रसायनाचा मानलेला परिणाम प्रत्यक्षात गर्दीचा असू शकतो. यासाठी पेशींची संख्या आणि माध्यमाची उंची सर्वत्र समान असावी, आणि मिळालेला आकडा पेशींच्या संख्येच्या किंवा एकूण प्रथिनाच्या प्रमाणात मांडावा. व्हीईजीएफचा १२१ अमिनो आम्लांचा प्रकार माध्यमात सहज उतरतो, पण १८९ चा प्रकार बहुतांशी पेशींच्या पृष्ठभागाला धरून राहतो. त्यामुळे माध्यमातील मोजणी म्हणजे पेशींनी बनवलेले सगळे व्हीईजीएफ नव्हे.

रक्ताचा नमुना तपासायचा असल्यास प्लाझ्मा, म्हणजे न गोठलेल्या रक्तातील पेशी काढून उरलेला द्रव, घ्यावा, कारण रक्त गोठताना प्लेटलेटही व्हीईजीएफ सोडतात आणि सिरममधील आकडा फुगतो. हे किट केवळ संशोधनासाठी आहे. त्याच्या आधारे रुग्णाचे निदान किंवा उपचार ठरवू नयेत.