बाळसं झडताना

पहिल्या वर्षात गुटगुटीत असलेलं मूल दीड-दोन वर्षांचं झालं की उभट दिसू लागतं. मान दिसायला लागते, पोटऱ्या बारीक होतात, आणि ताटासमोर बसवलं की ते चार घासांत तोंड फिरवतं. घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, याच्या अंगाला काही लागत नाही. दुसऱ्या एखाद्या घरात नेमकी उलटी चिंता असते: मूल भरलेलं आहे, मागून मागून खातं, आत्ताच आवरायला हवं का? दोन्ही घरांत काळजी खरी असते. पण दोन्हीकडे एकट्या वजनाच्या आकड्यावर भिस्त ठेवली जाते, आणि या वयात तो आकडा एकटा फार थोडं सांगतो.

जन्मताना तीन किलोचं बाळ साधारण पाच महिन्यांत सहा किलोचं होतं आणि वर्षाचं होईपर्यंत नऊ किलोच्या आसपास जातं. म्हणजे एका वर्षात तिप्पट. हाच हिशेब पुढे चालला असता तर दुसऱ्या वाढदिवसाला ते २७ किलोचं झालं असतं! प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षात वजन दोन-अडीच किलोच वाढतं. उंचीचंही तसंच. पहिल्या वर्षात सुमारे २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात त्याच्या निम्मी. वाढ इतकी मंदावल्यावर भूक पूर्वीसारखी राहील कशी? पहिल्या वाढदिवसानंतर मुलाचं खाणं कमी झाल्यासारखं वाटतं त्याचं हे साधं कारण आहे, आणि बहुतेक वेळा काळजीचं दुसरं काही कारण नसतं.

बाळसं झडणं हाही वाढीचाच भाग. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय पहिल्या वर्षात वाढतो, मग उतरू लागतो आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास तळ गाठून पुन्हा चढतो. शाळेच्या उंबरठ्यावरचं मूल आयुष्यात सर्वांत सडपातळ दिसतं ते यामुळे. त्या वयात शरीराची वाढ संथ असली तरी मेंदूचं काम जोरात चाललेलं असतं. विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढी ऊर्जा वापरतं त्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास ऊर्जा पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू एकटा घेतो, असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. बीएमआयचा हा उतार लवकर संपून चढ खूप आधी सुरू झाला, तर मात्र पुढे स्थूलतेची शक्यता वाढते.

म्हणून डॉक्टर वाढीचा तक्ता भरायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे ८,५०० मुलांची मोजमापं घेऊन २००६ मध्ये हे तक्ते प्रसिद्ध केले. तुमचं मूल १५ व्या पर्सेंटाइलवर असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की त्याच वयाच्या शंभर निरोगी मुलांपैकी १५ त्याच्यापेक्षा हलकी आणि ८५ जड असतील. परीक्षेतल्या टक्क्यांशी याचा काही संबंध नाही. पंधराव्या रेषेच्या बाजूने सातत्याने वाढणारं मूल उत्तम वाढत असतं. बघायचं ते असं: वजनाची रेषा महिनोन्‌महिने आडवी पडली आहे का, किंवा उंची आपल्या वाटेने जात असताना वजन झपाट्याने वर निघालं आहे का. उंची मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन वर्षांपर्यंत मुलाला झोपवून मोजतात आणि नंतर उभं करून. उभ्याने मोजलेली उंची सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते. मूल खुजं झालेलं नसतं.

मग मुलाला किती खायला हवं? हे मुलाला आपल्यापेक्षा बरंच चांगलं कळतं. क्लारा डेव्हिस या अमेरिकी डॉक्टरांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत नुकत्याच वरचं खाऊ लागलेल्या १५ मुलांवर मोठा धीराचा प्रयोग केला. साध्या, ताज्या ३४ पदार्थांच्या यादीतून मूल ज्याकडे हात करेल तेवढंच द्यायचं, आग्रह नाही, कौतुक नाही, नाराजीही नाही. मुलांची एकेक जेवणं विचित्र असायची, पण सगळी मुलं छान वाढली. मात्र त्या यादीत साखर नव्हती, हे विसरून चालणार नाही. पुढे लीॲन बर्च या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दोन ते पाच वर्षांच्या मुलांचं खाणं मोजलं. एका जेवणापासून दुसऱ्यापर्यंत खाण्यात मोठी चढउतार दिसली, पण दिवसाची बेरीज बरीच स्थिर निघाली. सकाळी काही न खाणारं मूल दुपारी किंवा संध्याकाळी ते भरून काढत होतं.

हा अंदाज आपणच बिघडवतो. मूल ओठ मिटतं, मान वळवतं, चमचा हाताने दूर सारतं. पोट भरल्याची याहून स्पष्ट खूण कोणती? पण मोबाइल समोर येतो, मूल पडद्यात गुंगतं, तोंड आपोआप उघडतं आणि राहिलेले घास आत जातात. वजनाला त्याने फरक पडो न पडो, पोट भरल्याचं आतून कळणं आणि खाणं थांबवणं यांची जोडी सुटू लागते. मला हे फार गंभीर वाटतं. धाकाने अडवणंही तितकंच वाईट. एखादा पदार्थ मुलाच्या नजरेसमोर ठेवून त्याला मनाई केली, तर त्याची ओढ वाढते, हेही प्रयोगांत दिसलं आहे. नकोच असेल तर तो पदार्थ घरात आणू नये.

काय वाढायचं आणि केव्हा, हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं, ते मुलावर सोडावं. तीन जेवणं आणि मध्ये दोन खाणी, अधेमधे फक्त पाणी. नवी भाजी पहिल्यांदा थुंकली म्हणून बाद करू नये. आवड लागायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते, आणि आपण ती आवडीने खाताना मुलाने बघावं लागतं. दुधावर भर देणाऱ्या घरांनी जरा सावध राहावं. दिवसाला अर्ध्या लिटरहून बरंच जास्त दूध पोटात गेलं की जेवणाला जागा उरत नाही, आणि दुधात लोह नगण्य असल्याने रक्त कमी होण्याचा धोका असतो. फळांचा रस फळाच्या बदल्यात नको. दोन वर्षांच्या आत कमी स्निग्धांशाचं दूधही नको, वाढत्या मेंदूला स्निग्ध पदार्थ लागतात. साबूत शेंगदाणे, अख्खी द्राक्षं घशात अडकू शकतात, तेवढं जपावं. झोप मोजायला आपण विसरतो: एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप लागते, आणि अपुरी झोप वाढत्या वजनाशी जोडलेली आढळते.

वजन खरंच जास्त असेल तरी एवढ्या लहान मुलाला डाएटवर ठेवायचं नसतं. समजा, तीन वर्षांच्या मुलाची उंची ९५ सेंटिमीटर आणि वजन १८ किलो आहे. बीएमआय येतो १९.९, म्हणजे वजन जास्त. वर्षभरात उंची १०२ झाली आणि वजन साडेअठरावर राहिलं, तर बीएमआय होतो १७.८, आणि मूल जास्त वजनाच्या रेषेखाली येतं. एक किलोही न घटवता! त्यासाठी गोड पेयं बंद व्हावी लागतात, पण ती सगळ्यांची. मुलाच्या पेल्यात पाणी आणि बाबांच्या हातात सरबत, असं चालत नाही. टीव्ही बंद करून एकत्र जेवायचं तेही सगळ्यांनीच, आणि ‘जाड्या’ ही हाक कुणीच मारायची नाही. वजनासोबत उंचीही खुंटली असेल, मूल मलूल राहत असेल, घोरत असेल किंवा वजनाची रेषा एकदम वळली असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न घालवता तक्ता घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जावं.