बिबी (वसाहतकालीन संज्ञा)

बिबी : ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत यूरोपीय अधिकाऱ्याच्या घरी देशी रीतीच्या विवाहाने अथवा विवाहाविना नांदणाऱ्या हिंदी स्त्रीस लावलेली संज्ञा. तिच्यासाठी बंगल्याच्या आवारात वेगळे ‘बिबीघर’ असे. मराठीतील रखेलीसाठी असलेले अंगवस्त्र, राख, नाटकशाळा हे शब्द जवळचे असले, तरी समानार्थी नव्हेत. बिबी पुष्कळदा घर चालवी आणि मुले वाढवी.

‘बीबी’ हा शब्द फार्सीतून आला. त्यामागे तुर्की मूळ असावे, असे काही कोशकार मानतात. मूळ अर्थ घरची मालकीण, कुलीन स्त्री. सोलापूरकरांना हा अर्थ वेगळा सांगायला नको : चांदबिबीचा अली आदिलशहाशी विवाह झाला (सु. १५६४), तेव्हा सोलापूरचा किल्ला आंदण दिला गेला. ज्या शब्दाने सुलताना ओळखली जाई, तोच पुढे गोऱ्या साहेबाच्या रखेलीला लागला, ही अवनती क्लेशकारक आहे. गोऱ्या स्त्रियांसाठी मेमसाहेब, मड्डम रूढ झाले. १८८६ च्या एका इंग्रजी कोशानुसार त्यांच्यापैकी मोलकरणींना वा त्या दर्जाच्या स्त्रियांना मात्र पुष्कळदा ‘बिबी’ म्हणत.

यूरोपीय स्त्रिया मोठ्या संख्येने येऊ लागल्यामुळे ही प्रथा मागे पडली, असे पूर्वी मानत. तथापि हिंदी मातेच्या मुलाला कंपनीच्या सनदी व लष्करी नोकरीचे दार १७९१ मध्येच बंद झाले, आणि १७९५ मध्ये सैन्यात त्याला वादक, नालबंद अशीच कामे उरली. हे पाहता धोरणाला अधिक महत्त्व देणारे मत ग्राह्य वाटते. अनेक मृत्युपत्रांत सोबतिणीला पैसे, दागिने ठेवलेले आढळतात. नाव मात्र कित्येकदा गाळून ‘एक नेटिव्ह बाई’ एवढेच लिहिलेले असते.

मे १८१८ मध्ये कंपनीचा सेनानी मन्रो याने सोलापूर घेतले, तोवर वरिष्ठ अधिकाऱ्यांत प्रथा ओसरू लागली होती. त्या काळाची खूण लष्कर, सदर बझार या वस्तीनावांत राहिली आहे. छावणीच्या बाजारातील ज्या स्त्रियांना १८६४ च्या कायद्याखाली नोंदणी व वैद्यकीय तपासणी सोसावी लागली, त्यांची गणना बिबींत करू नये.

सोलापूरच्या परिसराशी जोडलेले एक घराणे मात्र ज्ञात आहे. १८५३ नंतर नळदुर्गचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी मेरी ही हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची मुलगी (मृ. १८४४). या पामरची आई फैजबक्ष बेगम. वडील जनरल पामर १७९८ ते १८०१ पुण्यास रेसिडेंट (कंपनीचे दरबारातील प्रतिनिधी) होते. या कुटुंबाचे सु. १७८५ चे चित्र प्रसिद्ध असून ते पूर्वी झोफनी या चित्रकाराचे मानत. नंतर रेनाल्डी या दुसऱ्या चित्रकाराचे नाव पुढे आले. चित्रात पामरशेजारी बसलेली दुसरी स्त्री बेगमेची बहीण की सवत, हाही वाद आहे. बहीण मानणे अधिक सयुक्तिक. फैजबक्षला दिल्लीच्या बादशहाकडून किताब मिळाला होता. तिचे नाव टिकण्यास त्याचा हातभार लागला असावा.

१८९८ च्या फौजदारी संहितेनुसार (कलम ४८८) अनौरस मुलासाठी दरमहा कमाल ५० रुपये पोटगी मागता येई. अविवाहित मातेला स्वतःसाठी काही नाही. सोलापुरात १८६० मध्ये आगगाडी आली. मिश्रवंशीयांना रेल्वेत नोकऱ्या मिळत. १९११ पासून त्यांना अधिकृतपणे ‘अँग्लो-इंडियन’ म्हणू लागले. १९३५ च्या कायद्यातील व्याख्येत पिता किंवा पितृवंशातील पुरुष यूरोपीय वंशाचा असण्याची अट होती; मातेचा त्यात उल्लेख नव्हता.