डिकोडर-सीव्हींचे वाचन व जतन

मॉडेल रेल्वेच्या इंजिनात बसवलेल्या डिजिटल डिकोडरच्या (आज्ञा ओळखून मोटर व दिवे चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीच्या) स्मृतीतील मूल्ये रुळांमार्फत जाणून घेण्याची आणि ती पुढील उपयोगासाठी नोंदवून ठेवण्याची प्रक्रिया. डिजिटल कमांड कंट्रोल अर्थात डीसीसी पद्धतीत ही मूल्ये सीव्ही नावाच्या क्रमांकित कप्प्यांत असतात. मानकात १,०२४ कप्प्यांची तरतूद असून प्रत्येकात ० ते २५५ पैकी एक संख्या मावते. इंजिनाचा पत्ता (ज्या क्रमांकाने त्याला आज्ञा दिली जाते तो), वेग घेण्याचा व ओसरण्याचा दर, वेगमर्यादा, दिव्यांची वागणूक हे सारे या संख्यांवरून ठरते.

पूर्वपीठिका : सीव्ही येण्यापूर्वी वाचन हा प्रश्नच नव्हता. मार्क्लिन या जर्मन मॉडेल रेल्वे कंपनीच्या १९८० च्या दशकातील डिकोडरवर पत्ता बारीक स्विचांनी लावत. इंजिनाचे कवच काढले की तो डोळ्यांना दिसे. मूल्ये चिपमध्ये गेल्यावर मात्र ती विचारून घेणे भाग पडले. डीसीसी ही अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची निर्मिती, असे पुष्कळदा लिहिले जाते. तिचा गाभा मात्र जर्मनीतील लेन्झ इलेक्ट्रॉनिकने १९८० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केलेल्या पद्धतीत आहे. असोसिएशनने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती आधार म्हणून निवडली, वाढवली आणि मानकाच्या रूपात खुली केली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. मानकात नोंदलेल्या वाचनरीतींतही हा क्रमविकास दिसतो. रजिस्टर रीतीत केवळ ८ जागांना हात घालता येतो. पृष्ठ रीतीत सहाव्या रजिस्टरात पृष्ठक्रमांक लिहून पहिल्या चार रजिस्टरांतून एकेका पृष्ठाचे चार सीव्ही हाताळतात. त्यामुळे सीव्ही १० म्हणजे तिसऱ्या पृष्ठाचे दुसरे रजिस्टर. थेट रीतीत सीव्हीचा क्रमांकच पाठवला जातो. आजचे बहुतेक डिकोडर हीच रीत वापरतात.

वाचनाची क्रिया : मूळ डीसीसीत डिकोडरला संख्या परत पाठवता येत नाही. त्याला फक्त ‘होय’ म्हणता येते, तेही किमान ६० मिलिअँपिअर जादा विद्युत्प्रवाह सुमारे ६ मिलिसेकंद ओढून. हा प्रवाह सहसा मोटरमधूनच घेतला जातो, म्हणून वाचताना इंजिन जागच्या जागी हिसका देते. ‘नाही’साठी कोणतीही खूण नाही.

उदाहरणार्थ, सीव्ही २९ मध्ये ३८ आहे असे धरू. ३८ म्हणजे ३२, ४ आणि २ यांची बेरीज : लांब पत्ता, साध्या डीसी प्रवाहावर धावण्याची मुभा आणि २८ किंवा १२८ वेगपायऱ्या. नियंत्रक, म्हणजे रुळांवरून आज्ञा पाठवणारे यंत्र, आठ बिटांविषयी (१, २, ४ असे दुपटीने १२८ पर्यंत जाणाऱ्या घटकांविषयी) एकेक प्रश्न विचारतो. त्यांपैकी तिनांना हिसका मिळतो, पाचांना काहीच नाही. मग ‘पूर्ण मूल्य ३८ आहे का?’ असा नववा प्रश्न जातो आणि चौथा हिसका मिळाला की वाचन पक्के होते. हा शेवटचा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे, कारण चाकांवरची घाण, न जोडलेली मोटर किंवा मोटर फारच कमी प्रवाह घेणारी असणे यांमुळेही शांतताच मिळते आणि ती ‘नाही’सारखीच दिसते. वाचलेले मूल्य हे अशा रीतीने अनुमान असते. जुन्या रीतींत बिटांची सोय नसल्याने ० पासून पुढे एकेक संख्या विचारत जावे लागते. २५५ गाठेपर्यंत माणसाचा धीर सुटतो.

हे काम वेगळ्या प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर करतात. तिथे प्रवाह सुमारे २५० मिलिअँपिअरवर रोखलेला असतो, त्यामुळे चुकीच्या वायरिंगचा डिकोडर जळण्यापासून वाचतो. परंतु ध्वनी डिकोडर आणि त्यांच्या जोडीचे मोठे कपॅसिटर सुरुवातीलाच इतका प्रवाह ओढतात की उत्तराचा हिसका त्यात हरवून जातो. यावर वेगळा बूस्टर (रुळांकडे जाणाऱ्या संकेताला जोर देणारे उपकरण) लावतात किंवा कपॅसिटर तात्पुरता तोडतात. मुख्य मार्गावर सीव्ही लिहिता येतात, पण वाचण्यासाठी रेलकॉमसारखी दुहेरी संपर्काची सोय लागते. लेन्झनेच विकसित केलेल्या या सोयीत बूस्टर प्रत्येक पॅकेटच्या (एका आज्ञेच्या संदेशाच्या) शेवटी क्षणभर प्रक्षेपण थांबवतो आणि त्या फटीत डिकोडर खरीखुरी संख्या पाठवतो.

जतन : अनेक उत्पादकांच्या डिकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिले की कारखान्यातील मूल्ये परत येतात आणि पत्ता पुन्हा ३ होतो. जुळवून घेतलेला वेगतक्ता (सीव्ही ६७ ते ९४) अशा वेळी जतन केलेल्या फाइलीशिवाय परत मिळत नाही. म्हणून नव्या इंजिनात काहीही बदलण्याआधी पहिले वाचन जतन करावे. लांब पत्ता सीव्ही १७ व १८ मध्ये विभागलेला असतो. ३४५६ हा पत्ता तिथे २०५ आणि १२८ असा दिसतो (१३ गुणिले २५६ अधिक १२८; १३ मध्ये १९२ मिळवतात). नुसते आकडे टिपून ठेवले तर वर्षभराने त्यांचा अर्थ लागत नाही. जेएमआरआय या मुक्तस्रोत प्रकल्पातील डिकोडरप्रो यावर उत्तर देतो : प्रत्येक इंजिनाची एक एक्सएमएल फाइल, आणि कोणत्या डिकोडरात कोणत्या सीव्हीचा काय अर्थ हे सांगणाऱ्या वेगळ्या व्याख्या-फाइली. या व्याख्या-फाइलींच्या नकलेवरून झालेला जेकबसन विरुद्ध कॅट्झर हा खटला सॉफ्टवेअर कायद्यात आजही उद्धृत होतो. मुक्तस्रोत परवान्याच्या अटी मोडल्यास स्वामित्वहक्काचा भंग होऊ शकतो, असा निर्णय अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००८ मध्ये त्यात दिला.

जतन केलेल्या फाइलीत सगळे येतेच असे नाही. ध्वनिफिती सीव्हींमध्ये नसतात. त्या बदलण्यासाठी डिकोडर बनवणाऱ्या ईएसयू कंपनीच्या लोकप्रोग्रॅमरसारखे उत्पादकाचे उपकरण लागते. सीव्ही २५७ ते ५१२ या पट्ट्याचा अर्थ सीव्ही ३१ व ३२ मधील पृष्ठक्रमांकावर अवलंबून असतो. आधी ते दोन न लिहिता वाचल्यास मूल्य मिळते, पण दुसऱ्याच पृष्ठाचे.

मार्क्लिनच्या एमएफएक्स पद्धतीत इंजिन रुळावर ठेवताच स्वतःहून नियंत्रकाकडे नाव व कार्ये नोंदवते. तिथे वाचनाची वेगळी पायरी बहुतांशी उरत नाही.