वस्तुसंग्रहालय सुधारणेसाठी लघु अनुदान

वस्तुसंग्रहालय सुधारणेसाठी लघु अनुदान : चालू संग्रहालयातील एखादी नेमकी उणीव दूर करण्यासाठी शासन, स्थानिक स्वराज्य संस्था, कंपनी किंवा धर्मादाय न्यास यांच्याकडून मिळणारे मर्यादित रकमेचे, मुदतबंद आणि हिशेब देण्याच्या अटीवरचे साहाय्य. नवी इमारत, वस्तूंची खरेदी आणि कर्मचाऱ्यांचे नियमित वेतन सहसा यात बसत नाही. साठवणीची फेरमांडणी, दर्शनी पेट्या, प्रकाशयोजना, आर्द्रता-नियंत्रण, नोंदवह्यांचे संगणकीकरण, माहितीफलक, चाकाच्या खुर्चीसाठी उतरता मार्ग (रॅम्प) ही कामे बसतात. ‘लघु’ या शब्दाला कायद्यात रकमेची सीमा नाही. या नोंदीत काही हजारांपासून सुमारे पंचवीस लाख रुपयांपर्यंतची कामे गृहीत धरली आहेत. विवेचन मुख्यतः ठाणे व नवी मुंबई येथील नोंदणीकृत न्यासांच्या व लहान संस्थांच्या संग्रहांपुरते आहे.

उगम : या प्रथेचा आरंभ दोन तऱ्हांनी सांगता येतो. पहिली मांडणी १८८१ पासून सुरू होते. त्या वर्षी ब्रिटनमध्ये साऊथ केन्सिंग्टन संग्रहालयामार्फत (आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय) प्रांतिक संग्रहालयांना वस्तू विकत घेण्यासाठी शासकीय निधीतून साहाय्य देण्याची व्यवस्था झाली. दुसरी मांडणी सर हेन्री मायर्स यांच्या १९२८ च्या अहवालापासून सुरुवात धरते. ब्रिटिश बेटांतील सार्वजनिक संग्रहालयांची ही पाहणी कार्नेगी युनायटेड किंग्डम ट्रस्टसाठी झाली आणि पुढच्या दशकात त्या न्यासाने लहान संग्रहालयांना मांडणी सुधारण्यासाठी पैसे दिले. पहिल्या व्यवस्थेचा हेतू संग्रह वाढवणे हा होता, दुसरीचा असलेला संग्रह नीट राखणे हा. आजच्या सुधारणा-अनुदानाचे नाते दुसऱ्या हेतूशी आहे, म्हणून १९२८ नंतरचा आरंभ अधिक ग्राह्य वाटतो. १८८१ ची व्यवस्था ही या प्रथेची पूर्वपीठिका मानावी.

भारतापुरते पाहिल्यास एस. एफ. मार्कम व एच. हारग्रीव्ह्ज यांचा १९३६ चा अहवाल हा पहिला ठळक टप्पा ठरतो. न्यूयॉर्कच्या कार्नेगी कॉर्पोरेशनच्या मदतीने झालेल्या या पाहणीत तत्कालीन हिंदुस्थानातील १०५ संग्रहालयांची नोंद आहे, आणि निधीची व प्रशिक्षित माणसांची वानवा त्यात स्पष्ट मांडली आहे. या अहवालामुळेच येथे अनुदाने सुरू झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. संग्रहालयाची उणीव मोजून, लिहून मांडायची रीत मात्र त्याने घालून दिली. पुढे १९४४ मध्ये भारतीय संग्रहालय संघ आणि १९५६ मध्ये केंद्रीय संग्रहालय सल्लागार मंडळ अस्तित्वात आले. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना याच परंपरेतली.

मुंबईतील भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो. १८५७ मध्ये स्थापन झालेले व १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले हे संग्रहालय मुंबई महानगरपालिका, जमनालाल बजाज प्रतिष्ठान व इंटॅक (वारसा जतन करणारी राष्ट्रीय संस्था) यांच्या त्रिपक्षीय कराराने जीर्णोद्धारित होऊन २००८ मध्ये पुन्हा उघडले. आकाराने ते काम लघु अनुदानाच्या कितीतरी पलीकडचे आहे. पण जागा महापालिकेची, पैसा खाजगी न्यासाचा आणि जतनाचे ज्ञान तिसऱ्या संस्थेचे, ही वाटणी ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या जागेतील छोट्या संग्रहालाही जशीच्या तशी लागू पडते.

स्थानिक परिस्थिती : ठाण्यात सापडलेल्या जुन्या वस्तू ठाण्यात फारशा राहिल्या नाहीत. किल्ल्यात पाया खोदताना १७८७ मध्ये मिळालेला शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट (शके ९३९) लगोलग एशियाटिक सोसायटीच्या विद्वानांपर्यंत गेला. सोपाऱ्याच्या स्तूपातील अवशेष मुंबईला गेले. त्यामुळे स्थानिक संस्थांच्या संग्रहांत प्रामुख्याने कागद, हस्तलिखिते, छायाचित्रे, पितळी व तांब्याची भांडी, नाणी, लाकडी अवजारे, कोळी-आगरी आणि वारली जीवनातील वस्तू आढळतात. ठाण्याच्या प्राच्यविद्या अभ्यास संस्थेतील हस्तलिखिते हे याचे परिचित उदाहरण. १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय दुर्मीळ ग्रंथ सांभाळते. परंतु सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा (१९६७) व ग्रंथालय संचालनालय ही त्याची वाट निराळी आहे, आणि संग्रहालय योजनेत ग्रंथालयाचा अर्ज केल्यास तो छाननीतच बाजूला पडतो. ऐरोलीचे सागरी जैवविविधता केंद्र शासनाच्या कांदळवन कक्षाचे असल्याने त्याचा निधी शासकीय मार्गानेच येतो.

साहाय्याचे मार्ग : केंद्राच्या संग्रहालय अनुदान योजनेत किमान तीन वर्षे नोंदणीकृत असलेल्या संस्थांना व न्यासांना अर्ज करता येतो आणि मान्य खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम केंद्र देते. म्हणजे २५ लाखांच्या कामात संस्थेचे ५ लाख हवेत, आणि ते बँकेच्या विवरणात दिसायला हवेत. ‘देणग्या गोळा करू’ हे वाक्य छाननीत टिकत नाही. एनजीओ-दर्पण (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचे शासकीय संकेतस्थळ) क्रमांक व पीएफएमएस (शासकीय निधी वितरणाची संगणकीय यंत्रणा) प्रणालीवरील नोंदणी या दोन्ही गोष्टी अर्जाआधी उरकाव्यात. संस्थेचे पॅनवरील नाव व बँकखात्याचे नाव यांत एका अक्षराचा फरक असला तरी नोंदणी अडते. राज्याकडे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, जिल्ह्यात जिल्हा वार्षिक योजना आणि महापालिकांचे स्वतःचे अंदाजपत्रक असे मार्ग आहेत. महापालिकेचे अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाते, तेव्हा मागणीचे पत्र दिवाळीच्या सुमारास पोचले तर त्याचा विचार होण्याची शक्यता.

कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी (सीएसआर) हा ठाणे-नवी मुंबईच्या दृष्टीने सर्वांत जवळचा मार्ग म्हणावा लागेल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक उलाढालीच्या, निव्वळ मालमत्तेच्या किंवा नफ्याच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करायची असते, कामे अनुसूची ७ मधली असावी लागतात, आणि त्या अनुसूचीत राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांच्या संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. कंपनीने आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो. ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्टा आणि वागळे इस्टेट येथील कंपन्यांकडे जाताना हाच मुद्दा पत्राच्या पहिल्या परिच्छेदात असावा. संस्थेकडे सीएसआर-१ (असा निधी घेण्यासाठीची नोंदणी) क्रमांक तसेच आयकराच्या १२अ (संस्थेला करसवलत) व ८०जी (देणगीदाराला वजावट) मान्यता लागतात. बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्था संग्रहांवर काम करणाऱ्या व्यक्तींना साहाय्य देतात. त्या पैशांतून पेट्या-कपाटे होत नाहीत.

कागदपत्रे : अर्ज फेटाळला जाण्याची कारणे बहुधा संग्रहाबाहेरची असतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. अनेक जुन्या संस्थांचे असे अर्ज धर्मादाय कार्यालयात प्रलंबित असतात, परिणामी परिशिष्ट १ च्या (न्यासाच्या अधिकृत नोंदीच्या) उताऱ्यावर दिवंगत विश्वस्तांची नावे आणि अर्जावर तिसऱ्याच कोणाची सही. हे दुरुस्त व्हायला महिने लागतात, म्हणून तयारी येथूनच सुरू करावी. त्याबरोबर तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, अर्ज करण्याचा व सही करणाऱ्याला अधिकार देण्याचा ठराव, आणि याच कामासाठी अन्यत्र अनुदान घेतलेले नसल्याचे प्रतिज्ञापन लागते.

दुसरी अडचण जागेची. जुन्या ठाण्यात मालमत्ता पत्रक नगर भूमापन कार्यालयातून मिळते. जागा भाड्याची असल्यास अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार पुरत नाही, कारण देणाऱ्याला आपल्या पैशाने बसवलेल्या पेट्या तेथेच काही वर्षे राहतील याची खात्री हवी असते. नवी मुंबईत जमीन बहुतांशी सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असते. भूखंडाचा मान्य वापर व सिडकोचे ना-हरकत पत्र नसेल तर बांधकामाचा भाग अर्जातून वगळलेलाच बरा. नौपाड्यासारख्या भागातील तीस वर्षांहून जुन्या इमारतीत संरचनात्मक तपासणीचा दाखला जोडावा. हा केवळ कागदी सोपस्कार नाही. निवासी मजल्यासाठी आयएस ८७५ (भाग २) हे इमारतींवरील भाराचे भारतीय मानक दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरते, तर ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी किमान ६ किलोन्यूटन. रुळांवर सरकणारी दाट कपाटे याहून जड भरतात. राहत्या घराच्या मजल्यावर ती बसवण्याचा प्रस्ताव धोकादायक आहे.

तिसरी बाब खुद्द नोंदवहीची. शंभर वर्षांहून जुनी शिल्पे व चित्रे, तसेच सचित्र हस्तलिखिते ही पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ खाली नोंदवलेली असावीत. आवकनोंदवहीत (संग्रहात आलेल्या वस्तूंच्या वहीत) क्रमांक नसलेल्या वस्तूसाठी पेटी मागणे चुकीचे ठरते. अशा वेळी पहिले अनुदान नोंदणी व छायाचित्रणासाठीच मागावे.

गरजेची मांडणी : ‘भिंतींना ओल येते, वस्तू खराब होत आहेत’ असे लिहिलेले शेकडो अर्ज छाननीसमोर येतात. त्याऐवजी मोजमाप द्यावे. तापमान-आर्द्रता टिपणारी दोन यंत्रे, एक दालनात व एक पेटीच्या आत, १५ मिनिटांच्या अंतराने नोंद घेण्यासाठी लावून जुलैतील चार आठवडे आणि जानेवारीतील चार आठवडे यांचे आलेख जोडले की उणीव आपोआप दिसते. खाडीकाठच्या या पट्ट्यात पावसाळ्यात सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहते, आणि ६५–७० टक्क्यांच्या पुढे कागदावर व चामड्यावर बुरशी धरू लागते. प्रकाशाचेही तसेच : कागद व वस्त्र यांसाठी ५० लक्स (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) ही सर्वमान्य मर्यादा, तर पश्चिमेच्या खिडकीजवळ दुपारी ती कित्येक पटींनी ओलांडली जाते. लक्समापकाचे आकडे दालनाच्या नकाशावर लिहून द्यावेत.

उपाय मागताना त्याची क्रमवारी चुकू नये. आर्द्रता स्थिर ठेवण्यासाठी दर घनमीटर हवेला २० किलो सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) हे जुने प्रमाण आहे. १.२ × ०.६ × ०.४ मीटरच्या पेटीचे घनफळ ०.२८८ घनमीटर, म्हणजे सुमारे पावणेसहा किलो जेल. पण काचेच्या फटी बुजवलेल्या नसतील तर ते काही दिवसांत ओले होते, म्हणून आधी गॅस्केट (फट बुजवणारी रबरी पट्टी) व मग जेल. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड हे घातक रसायन असते. नारिंगी जेल मागावे, आणि ते वाळवण्यासाठी लागणारी भट्टीही अंदाजपत्रकात धरावी. ती विसरली जाते आणि दुसऱ्या पावसाळ्यात जेल निरुपयोगी होऊन बसते.

पेटीच्या साहित्याकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. स्थानिक सुतार प्लायवुड किंवा एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) आणि पांढरा डिंक वापरून स्वस्तात पेटी करून देतो. या साहित्यातून ॲसिटिक व फॉर्मिक आम्लाची वाफ बाहेर पडत राहते. बंद पेटीत ती साचते आणि शिशाच्या वस्तूंवर पांढरी भुकटी धरते. सातवाहनांची शिशाची नाणी अशाच ‘नव्या, सुंदर’ पेट्यांत नष्ट होऊ शकतात, आणि गेलेला ठसा कोणत्याही उपचाराने परत येत नाही. पावडर-कोटिंग केलेला पोलाद व काच हा सुरक्षित पर्याय. साहित्याची शंका असल्यास चांदी, तांबे व शिसे यांच्या पट्ट्या नमुन्यासह ६० अंश सेल्सिअसला २८ दिवस ठेवून ऑडी चाचणी करता येते (पट्ट्या गंजल्या तर साहित्य अयोग्य). तेवढा कालावधी वेळापत्रकात धरावा. ताज्या रंगाच्या दालनातही वस्तू लगेच आणू नयेत.

अंदाजपत्रक : बांधकामाच्या बाबी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीप्रमाणे घ्याव्यात, दरसूचीत नसलेल्या बाबींसाठी (दर्शनी पेटी ही त्यांतली मुख्य) दर पृथक्करण (साहित्य, मजुरी इत्यादींनुसार दराची फोड) व तीन दरपत्रके जोडावीत. तिन्ही दरपत्रकांत मापे, काचेची जाडी व कुलपाचा प्रकार एकच असावा, नाहीतर तुलना करता येत नाही. जीएसटी वेगळा दाखवावा. संस्थेला त्याची वजावट मिळत नसल्याने १ लाखाची पेटी १८ टक्के कर धरून १ लाख १८ हजारांना पडते, आणि हा फरक विसरल्यास शेवटची पेटी अपुरी राहते. वाहतूक, वस्तू हलवताना लागणारे आम्लमुक्त कागद व खोकी, आणि किमान दोन वर्षांची देखभाल यांनाही रक्कम ठेवावी.

वेळापत्रक पावसाच्या अंगाने आखावे लागते. मंजुरी बऱ्याचदा मार्चअखेर येते, आणि जून ते सप्टेंबर गिलावा व रंगकाम करू नये. एप्रिल-मेमध्ये खरेदी व छतदुरुस्ती, पावसाळ्यात नोंदणी-छायाचित्रण, ऑक्टोबरनंतर भिंती व पेट्या हा क्रम येथे सोयीचा.

मंजुरीनंतर : अनुदान हप्त्यांनी येते व पहिल्या हप्त्याचा हिशेब दिल्याशिवाय दुसरा सुटत नाही. केंद्रीय अनुदानासाठी सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ मधील नमुना १२-अ मध्ये विनियोग प्रमाणपत्र (पैसा मंजूर कामावरच खर्च झाल्याचा दाखला) द्यावे लागते. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिने ही त्याची मुदत. अनुदानाच्या रकमेवर मिळालेले व्याज संस्थेचे नसते, ते शासनाला परत करावे लागते. यासाठी स्वतंत्र खाते ठेवणे सोपे पडते. मंजूर बाबींतील बचत दुसऱ्या बाबीकडे वळवायची तर आधी लेखी परवानगी घ्यावी. अनुदानातून घेतलेली प्रत्येक वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (संस्थेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत) क्रमांकासह चढवावी आणि तोच क्रमांक वस्तूवर रंगवावा. पुढे संस्था जागा बदलते किंवा इमारत पुनर्विकासात जाते तेव्हा या पेट्या-कपाटे मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाच्या पूर्वसंमतीशिवाय विकता अथवा दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत.